गोधडी: मांडणी कागदावर की जमिनीवर?

रंगसंगती आणि ठिगळांची मांडणी कागदावर पक्की झाल्याशिवाय व्यावसायिक गोधडीकाराने सुई हातात घेऊ नये, असे एक मत आहे; ते मला पूर्णपणे पटत नाही. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या भागांतील सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, तेव्हा खाली जुनी साडी पसरून कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि कडेकडेने ठिगळे जोडत, धावदोऱ्याच्या रांगा घालत मध्याकडे सरकत जातात. पुढचे ठिगळ कोणते, हे समोरच्या ढिगाकडे पाहूनच ठरते. कोपऱ्यांवर घड्या घातलेले कापडी त्रिकोण, म्हणजे ‘फुला’, बसल्याशिवाय मात्र कवंदी पूर्ण मानली जात नाही.

मी स्वतः मागणीनुसार गोधड्या शिवते आणि माझा बराचसा वेळ शिवणापूर्वीच जातो, पण तो कागदावरच्या मांडणीत नव्हे, तर कापडाच्या तयारीत: आलेल्या साड्यांची खळ धुऊन काढणे, विरलेला पदर उजेडासमोर धरून पाहणे, नवे सुती कापड आधी पाण्यातून काढणे, कारण न आटवलेले एकच ठिगळ पहिल्या धुण्यात भोवतालची सगळी शिवण गोळा करते. (एका नऊवारीच्या गोधडीवर मी हे शिकले; ती मला जवळजवळ पूर्ण उसवावी लागली.) गडद रंगांची निवड मी सकाळीच करते, कारण दिव्याखाली निळ्या आणि काळ्या रंगांत माझी हमखास गफलत होते. दोराही हातभरापेक्षा लांब घेत नाही. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि जाड थरांतून पुन्हापुन्हा ओढताना तो पिंजतो.