विटगेनस्टाइन मास्तर: आदर्श शिक्षक की मारकुटा?

खडूफळा:
परवा एक पोस्ट फिरत होती. गर्भश्रीमंत घरातला तत्त्वज्ञ विटगेनस्टाइन पहिल्या महायुद्धातून शौर्यपदकं घेऊन परतला, १९१९ मध्ये वाट्याची सगळी इस्टेट भावंडांना देऊन टाकली आणि ऑस्ट्रियातल्या खेड्यात प्राथमिक शिक्षक झाला, 'असे गुरुजी आता होणे नाही' वगैरे. पुढचं कुणी लिहीतच नाही! एप्रिल १९२६, ओटरथालची शाळा, अकरा वर्षांचं अशक्त पोरगं, उत्तर द्यायला वेळ लावला म्हणून याने डोक्यात मारलं आणि ते वर्गातच कोसळलं. महिना संपायच्या आत राजीनामा, मग कोर्टात चौकशी. त्याआधीही गणित येत नाही म्हणून मुलींचे केस ओढणं, कान पिरगाळणं चालूच होतं. याला आदर्श म्हणायचं?

डोंगरवाट:
एका घटनेवरून सहा वर्षं पुसता येत नाहीत. त्याने पोरांबरोबर मांजराचा सांगाडा जोडला, व्हिएन्नाला सहलीला नेलं तर वाटेत दगड आणि झाडं ओळखायला लावली. महाग शब्दकोश त्या पोरांना परवडत नव्हते म्हणून त्यांच्याच वापरातले शब्द घेऊन शाळेसाठी कोश केला, तोही १९२६ मध्येच छापून आला. आज किती शिक्षक एवढं करतात?

खडूफळा:
सांगाडा जोडला म्हणून कानफटात मारायचं लायसन्स मिळतं का?

नाना_सातारकर:
तेव्हा सगळेच मारायचे हो. आम्हीपण छड्या खाल्ल्या, काही बिघडलं नाही, उलट पाढे अजून पाठ आहेत. आताच्या पोरांना नुसतं डोळे वटारले तरी आईबाप शाळेत हजर.

मीनल_प:
नाना, तुमचं काही बिघडलं नाही, माझ्या भावाचं बिघडलं. चौथीत डाव्या हाताने लिहितो म्हणून बोटांच्या सांध्यांवर पट्टी, तीही उभी धरून. त्याने शाळेत तोंड उघडणंच बंद केलं, दहावीच्या तोंडीपर्यंत तेच. 'आम्ही खाल्लं' हा पुरावा नाही, जे शाळा सोडून गेले ते इथे लिहायला नाहीत एवढंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं, शाळेत मारायला बंदी घालणारं कलम १७ उगाच आलेलं नाही.

नाना_सातारकर:
कायदा आला आणि शिस्त गेली.

मीनल_प:
शिस्त नाही, भीती गेली. दोन्हीतला फरक एवढ्या वयातही कळत नसेल तर कठीण आहे.

डोंगरवाट:
वयावर जाऊ नका. आणि धागा विटगेनस्टाइनचा आहे. माणूस १९१६ ला स्वतःहून मागणी करून आघाडीवरच्या निरीक्षण चौकीत बसला, १९१८ मध्ये जिवलग मित्र गेला, त्याच वर्षी तिसऱ्या भावाने जीव दिला, मग इटलीत युद्धकैदी. असा माणूस थेट वर्गात उभा केला. डोक्यात काय चाललंय ते कोण विचारणार होतं?

खडूफळा:
आणि पोरांनी काय युद्ध सुरू केलं होतं?

फौजीची_लेक:
हे 'युद्धामुळे मारलं' ऐकून डोकंच फिरतं. माझे वडील ७१ च्या लढाईत होते, निवृत्तीनंतर गावच्या हायस्कूलला पीटी आणि भूगोल शिकवायचे. रात्री दचकून उठायचे, फटाके वाजले की घरात जाऊन बसायचे. वर्गात कधी हात उगारला नाही. प्रत्येक माजी सैनिकाला मारकुटा ठरवून त्याची कीव करू नका, आम्हाला ती नकोय.

डोंगरवाट:
ताई, माझा रोख तसा नव्हता. कारण सांगणं आणि माफ करणं वेगळं. आणि १९३६ मध्ये तो स्वतः त्या गावात गेला, ज्यांना मारलं त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. हे तरी मोजाल?

खडूफळा:
बरं, मोजलं. दहा वर्षांनी का होईना, गेला, तेवढं त्याच्या खात्यात. आदर्श मी तरी म्हणणार नाही.

नाना_सातारकर:
आमच्या मास्तरांनी माफी मागावी असं आम्हाला कधी वाटलं नाही.

मीनल_प:
भावाला अजून वाटतं, नाना. त्याची मुलगी पण डावरी आहे आणि पालकसभा तो एकही चुकवत नाही.