रोज अंगावर गांधी उठतात, रिपोर्टमध्ये १९ पदार्थ पॉझिटिव्ह. सगळंच खाणं सोडायचं का?

रानजाई:
नमस्कार. गेले अडीच महिने संध्याकाळ झाली की अंगावर गांधी उठतात. आधी तळहात खाजतात, मग कमरेला इलॅस्टिकपाशी, मग मांड्यांवर लाल, वर आलेले चट्टे. सकाळी मागमूस नसतो, त्यामुळे डॉक्टरांपुढे बसते तेव्हा दाखवायला काहीच नाही. दोनदा ओठ सुजला. रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट करून घेतली, त्यात १९ पदार्थ पॉझिटिव्ह आले: गहू, दूध, अंडं, टोमॅटो, शेंगदाणा, अजून बरेच. पाच आठवडे सगळं बंद ठेवलंय. वजन चार किलो उतरलं, पण गांधी जशाच्या तशा. सवय लागेल या भीतीने गोळी अगदी असह्य झालं तरच घेते. रात्रीची झोप गेली आहे. अजून काय सोडू?

मीरा_त:
रानजाई, काही सोडू नका. तुमचं वाचून पोटात तुटलं, कारण तीन वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. शेवटी माझ्या ताटात पाच पदार्थ उरले होते आणि चट्टे मात्र रोज हजर.

मला फार उशिरा कळलेली गोष्ट आधी सांगते. त्या रिपोर्टमधलं पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं रक्तात आहेत, एवढंच त्यातून कळतं. ती असूनही तो पदार्थ आयुष्यभर मजेत खाणारे पुष्कळ असतात. खाण्यामुळे गांधी उठत असतील तर बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत उठतात, आणि तो पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा उठतात. तुम्ही गहू जन्मापासून खात असाल ना? मग अडीच महिन्यांपूर्वी त्याने काय बिघडवलं?

सहा आठवड्यांहून जास्त काळ गांधी उठत राहिल्या, तर डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. मोठ्या माणसांत त्यामागे बाहेरचा पदार्थ क्वचितच असतो. त्वचेतल्या मास्ट पेशी, म्हणजे अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या पेशी, हिस्टामिन नावाचं खाज-सूज आणणारं रसायन सोडत राहतात. बऱ्याच जणांत आपलीच प्रतिकारशक्ती या पेशींना डिवचत असते. माझ्या तपासणीत थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली निघाली, आणि या आजारात ती बऱ्यापैकी आढळतात. माझ्या डॉक्टरांनी रक्ताच्या मोजक्याच तपासण्या केल्या: रक्तपेशी, सीआरपी (अंगात दाह आहे का ते दाखवणारी), एकूण आयजीई आणि ही थायरॉईडची.

आता आज रात्रीच करा असं एक काम. चट्टा उठला की बॉलपेनने त्याच्या कडेने वर्तुळ काढा आणि शेजारी वेळ लिहा. मी पहिल्यांदा काढलं ते डाव्या मांडीवर, ९:४०. पहाटे वर्तुळ तसंच होतं, आत कातडी स्वच्छ, आणि नवा चट्टा चार बोटं पलीकडे. एकेक चट्टा २४ तासांच्या आत विरत असेल तर ही साधी गांधी. त्याच जागी त्याहून जास्त टिकला, खाजण्याऐवजी दुखला किंवा जाताना काळानिळा डाग ठेवून गेला, तर रक्तवाहिन्यांना सूज असू शकते. मग त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो. फोटोही काढून ठेवा. डॉक्टरांपुढे अंग स्वच्छ असलं तरी फोटो बोलतो.

गोळीबद्दल. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन या नव्या पिढीच्या अँटीहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिनला अडवणाऱ्या, गोळ्यांची सवय लागत नाही. खाज असो वा नसो, रोज ठरल्या वेळी घ्यायच्या, कारण हिस्टामिन सुटल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो. नेहमीच्या मात्रेने दोन ते चार आठवड्यांत भागलं नाही तर डॉक्टर ती चौपटीपर्यंत वाढवतात. स्वतःच्या मनाने वाढवू नका. मला त्यानेही पुरलं नाही, तेव्हा दर चार आठवड्यांनी ओमालिझुमॅबचं (आयजीईला अडवणारं औषध) ३०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू झालं. त्रास मोजायला चट्ट्यांना रोज ० ते ३ गुण, खाजेला ० ते ३, असे आठवड्याचे जास्तीत जास्त ४२ गुण होतात. माझे ३४ वरून तिसऱ्या इंजेक्शननंतर ५ वर आले. त्या आठवड्यात मी सलग सहा तास झोपले.

आणि कळकळीने सांगते, स्टेरॉईडवर दिवस काढू नका. मला आधीच्या एका ठिकाणी आठ महिने अधूनमधून दिली गेली. गोळी बंद की दुप्पट उसळी, शिवाय चेहरा सुजला आणि साखर वाढली. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिननेही चट्टे उसळू शकतात. पाठदुखीसाठी घेतलेल्या एका गोळीने माझे दोन्ही डोळे सुजून मिटले होते.

केशव७:
मीराताईंशी सहमत, फक्त एक सांगतो. माझ्या मुलाला शेंगदाण्याची खरी अ‍ॅलर्जी आहे. एक घास, दहा मिनिटांत ओकारी, आवाज बसला, श्वासात शिट्टी. असं कधी झालं तर अँटीहिस्टामिनच्या भरवशावर थांबू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, माणसाला आडवं ठेवायचं, धाप असेल तर बसवायचं, उठून चालू द्यायचं नाही, आणि थेट रुग्णालय. बरं वाटलं तरी काही तासांनी पुन्हा उसळू शकतं. म्हणून यादीतलं खाणं परत सुरू करण्याआधी अ‍ॅलर्जीतज्ज्ञाला एकदा विचारा, विशेषतः ज्याने कधी लगेच त्रास झाला असेल ते.

पूर्वा_नर्स:
रानजाई, रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेता का? त्यानेही ओठ-जीभ सुजते, पण सहसा चट्टे न उठता. घरात कुणाला अशीच नुसती सूज येत असेल तर तेही सांगा. तशा आनुवंशिक आजारात सी४ हे रक्तातलं प्रथिन तपासतात आणि नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. प्रिक टेस्ट (त्वचेवर टोचून करायची अ‍ॅलर्जी तपासणी) ठरली तर अँटीहिस्टामिन किती दिवस आधी थांबवायचं ते विचारून घ्या, नाहीतर निकाल खोटा निगेटिव्ह येतो.

रानजाई:
तिघांचे मनापासून आभार. रक्तदाबाची गोळी नाही, घरात कुणाला अशी सूजही नाही. मात्र अडीच महिन्यांपूर्वी दाढदुखीसाठी आठवडाभर आयबुप्रोफेन घेतलं होतं, आणि नंतरही डोकं दुखलं की घेत होते. हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. काल रात्री चार वर्तुळं काढली, ११:२० ला. सकाळी सातला चारही रिकामी. मंगळवारी अ‍ॅलर्जीतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. फोटो, रिपोर्ट आणि घेतलेल्या प्रत्येक गोळीची यादी घेऊन जाते. गहू आणि दूध आधी विचारणार.