मदत हवी आहे: पक्ष्यांसाठी कॅनन आर१० घेऊ की सोनी ए६४००?

नमस्कार मंडळी, पहिलाच लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतोय आणि मुख्य वापर पक्ष्यांचाच आहे, म्हणजे हिवाळ्यात भिगवणला होडीतून फ्लेमिंगो वगैरे आणि एरवी घराजवळच्या झाडीत.

दोन्ही एपीएस-सी (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचे), दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) दोघांतही नाही त्यामुळे ते लेन्समध्येच बघायला लागणार. आर१० २०२२चा आहे, मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फोटो काढतो आणि पक्षी ओळखून फोकस धरतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ए६४०० २०१९चा, ११ फोटो, आणि त्यातला प्राण्यांचा आय एएफ (डोळ्यावर आपोआप फोकस) पक्ष्यांसाठी नाहीये.

पण खरा घोळ लेन्सचा आहे. कॅननची १००-४०० मिमी हातात धरायला हलकी आणि लहान सेन्सरच्या क्रॉपमुळे ६४० मिमीसारखी पोच मिळते, पण लांबच्या टोकाला एफ/८ (म्हणजे प्रकाश कमी आत येतो), आणि भिगवणला तर पहाटेच निघायचं असतं, तेव्हा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) किती वर जाईल याचीच काळजी वाटते. सोनीची ७०-३५० तिथे एफ/६.३ देते पण पोच ५२५ पर्यंतच, शिवाय सोनीला सिग्मा टॅमरॉनच्या लेन्स भरपूर आहेत, पुढे वाढवायला बरं पडेल.

मला सध्या तरी आर१० कडे जावंसं वाटतंय. कुणी ही एफ/८ वाली लेन्स पहाटे किंवा ढगाळ हवेत वापरली असेल तर आयएसओ कितीपर्यंतचे फोटो ठेवण्यासारखे येतात ते प्लीज सांगा, आणि जमलं तर एडिट न केलेले एकदोन फोटो टाका. सोनीवाल्यांनी उडत्या पक्ष्यांवर फोकस टिकतो का तेही सांगा.