उपवासकाळात एन्डोंची ‘सायलेन्स’ वाचावी का?

केळबाग

आमच्या पॅरिशच्या (चर्चच्या) वाचनगटाला उपवासकाळासाठी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांसाठी, पुस्तक निवडायचंय. मी जपानी कादंबरीकार शुसाकु एन्डो यांची ‘सायलेन्स’ सुचवली आणि दोघांनी लगेच नाक मुरडलं. श्रद्धा सोडणाऱ्या पाद्र्याची गोष्ट, तीही या चाळीस दिवसांत? म्हणून इथे मांडते. शेवट सांगावाच लागणार, ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथेच थांबा.

मूळ जपानी कादंबरी १९६६ची. मी वाचला तो विल्यम जॉन्स्टन या जेझुइटांचा (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) इंग्रजी अनुवाद. जपानात १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर बंदी. फेरेरा हे ज्येष्ठ जेझुइट १६३३ मध्ये छळापुढे वाकले, ही खरी घटना. कादंबरीत त्यांचे शिष्य ही बातमी खोटी ठरवायला लिस्बनहून गोवा, मकाव करत जपानात चोरून उतरतात. गावकरी त्यांना लपवतात आणि त्यापायी मरतात. त्यांच्यातल्या मोकिचीला समुद्रात खांबाला बांधतात, भरतीमागून भरती त्याला संपवत जाते. त्या शिष्यांपैकी एक, फादर रॉड्रिग्ज, हे सगळं लपून बघतोय आणि देव गप्प. पुढे तो पकडला जातो, पण त्याला कोणी हात लावत नाही. शेतकऱ्यांना खड्ड्यात उलटं टांगतात आणि त्याला सांगतात, येशूच्या चित्रावर पाय ठेव, म्हणजे हे सुटतील. चित्रातला झिजलेला चेहरा त्याला म्हणतो, ठेव पाय. तो ठेवतो. कोंबडा आरवतो.

माझ्यासाठी हे पुस्तक रॉड्रिग्जचं नाहीच, किचिजिरोचं आहे. दारुडा, भित्रा, फादरला पकडून देणारा. आणि तरी पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला हजर! त्याची तक्रार ऐका: छळाचा काळ नसता तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून जगलो असतो, मला दुबळं जन्माला घातलं यात माझा काय दोष? पापनिवेदनाला जाताना माझी यादी दरवेळी तीच असते, त्यामुळे हा माणूस मला घरचा वाटला. संतचरित्रं वाचून मला स्वतःची लाज वाटते. हे वाचून प्रार्थना करावीशी वाटली. मराठीतली पहिली कादंबरी मानतात ते बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ख्रिस्तीच, पण तिथे प्रश्न निघण्याआधी उत्तर ठरलेलं असतं. इथे तसं नाही. माझ्या मते उपवासकाळाचंच पुस्तक आहे हे.

पश्चिमपट्टा

मी नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूने. अहो, आपण वसईचे! संत गोन्सालो गार्सिया आपल्या मातीतले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर गेले. गासच्या चर्चला त्यांचं नाव आहे. आणि एन्डो काय दाखवतात? मोकिची मेला, समुद्र तसाच राहिला, काही घडलं नाही. हुतात्म्याचं मरण फुकट वाटेल अशीच सगळी मांडणी आहे.

दुसरं, हा पेच लेखकाने मुद्दाम रचलाय. टांगणारा इनोउए, छळ करवणारा अधिकारी. दोरी त्याच्या हातात. तरी शेतकऱ्यांच्या मरणाचा हिशोब मागायचा पाद्र्याकडे! हीच तर छळणाऱ्याची भाषा, आणि वाचक ती बिनतक्रार स्वीकारतो. माणसांसमोर जो मला नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, हे मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशूच सांगतो. ते पुसायला येशूच्याच तोंडी नवं वाक्य घालायचं? कादंबरीकाराचं बरं असतं.

नगरी उपासक

मी प्रॉटेस्टंट, तुमच्या भांडणात पाहुणा. आमच्या उपासनेत साक्ष देतात तिचा साचा ठरलेला: आधी अंधार, मग प्रकाश, मग टाळ्या. ही कादंबरी त्या साच्यात बसत नाही, म्हणून मला आवडली. पण केळबागताई, तुम्ही कोंबडा एका वाक्यात उरकलात. तो आवाज खरंच ख्रिस्ताचा असेल तर कोंबडा आरवायचं कारण काय? लूकच्या बाविसाव्या अध्यायात पेत्र नाकारतो तेव्हा कोंबडा आरवतो आणि प्रभू वळून त्याच्याकडे बघतो. एन्डोंनी आवाजही ठेवला आणि कोंबडाही. आज्ञा पाळली की नाकारलं, याचा निकाल त्यांनी दिलेला नाही. निकाल तुम्ही दोघांनी देऊन टाकलात, एकाने एक, दुसऱ्याने दुसरा.

मी स्वतः मात्र वचनाशी न जुळणारा आवाज मानणार नाही, तो कितीही प्रेमळ असो.

देव न मानणारा वाचक

पुस्तकावर बोलताय की प्रवचन चाललंय? सुरुवातीला रॉड्रिग्जची पत्रं आहेत, तिथे तो ‘मी’ आहे. पुढे तो ‘तो’ होतो. शेवटी एका अधिकाऱ्याच्या रुक्ष नोंदवहीत ओकादा सानएमोन हे जपानी नाव तेवढं उरतं. माणूस वाचकापासून टप्प्याटप्प्याने काढून घेतलाय. ही कारागिरी सोडून एकाला हुतात्म्यांचा मान जपायचाय, दुसरीला प्रार्थना सुचली. तुमच्या प्रार्थनेवरून मला पुस्तक चांगलं की वाईट कसं कळावं?

केळबाग

@देव न मानणारा वाचक: माझी प्रार्थना हा पुरावा नाही, पण दुबळ्या माणसासाठी लिहिलेलं पुस्तक दुबळ्या वाचकापर्यंत पोहोचलं की नाही, हे परीक्षणात सांगू नये तर कुठे सांगावं? आणि त्या रुक्ष नोंदवहीतच बघा. किचिजिरो अजून रॉड्रिग्जबरोबर आहे आणि त्याच्यापाशी लपवलेलं ख्रिस्ती चित्र सापडतं. अधिकारी कोरडेपणाने लिहून मोकळा, अर्थ आपण लावायचा. दिग्दर्शक स्कोर्सेसींना मात्र याच कादंबरीवरच्या २०१६च्या चित्रपटात राहवलं नाही, त्यांनी शेवटी मृत रॉड्रिग्जच्या हातात क्रूस दाखवला. पुस्तकात तो नाही, आणि नाही तेच बरं.

@पश्चिमपट्टा: नागासाकीत लोकांना वर्षानुवर्षं चित्रांवर पाय ठेवायला लावत. ठेवत, आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. फादर नाहीत, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नाही. १८६५ मध्ये नागासाकीजवळच्या उराकामीचे लोक नागासाकीतल्या ओउराच्या नव्या चर्चमध्ये फादर पेतीजाँना भेटले आणि आमची श्रद्धा तुमचीच म्हणाले. हे पाय ठेवणाऱ्यांचेच वंशज. श्रद्धा किचिजिरोंनीच टिकवली!

पश्चिमपट्टा

हा तर माझाच मुद्दा. घरी येऊन पश्चात्ताप करायचे, म्हणजे पाय ठेवणं पाप आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. येशूनेच सांगितलं, अशी सबब त्यांनी शोधली नाही. अडाणी शेतकऱ्यांना जे कळलं ते पुस्तकातल्या शिकलेल्या पाद्र्याला कळत नाही. दुबळ्यांना क्षमा हवीच, त्यावर वाद नाही. दुबळेपणाला दैवी आज्ञा म्हणू नका, एवढंच.

राशोल रस्ता

थोडं अवांतर. कादंबरीतला फेरेरा म्हणतो, जपान ही दलदल आहे, इथे हे रोप मुळं धरत नाही. एन्डोंचा स्वतःचा बाप्तिस्मा आईमुळे लहानपणी झाला आणि आपल्या श्रद्धेला ते अंगाला न बसणारा विलायती सूट म्हणत. तिकडे बंदी येऊन दोन वर्षं होतात, तोच इकडे गोव्यात राशोलला १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापलं जातं. त्यामुळे दलदलीचं प्रकरण मला नेहमी फेरेराची पळवाट वाटतं. गोव्यात इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागल्याचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय) होतं हेही विसरत नाही; तिथे सत्ता पाद्र्यांच्या बाजूची होती, म्हणून ही तुलना सरळ नाही.

नगरी उपासक

@राशोल रस्ता: शेवटचं वाक्य महत्त्वाचं. यावर वेगळा धागा काढा.

@पश्चिमपट्टा: सबब आणि आज्ञा यांतला फरक पटला. पण मग तुम्ही कोंबड्याच्या बाजूचे झालात, म्हणजे अर्धे एन्डोंच्याच बाजूचे.

पश्चिमपट्टा

अर्धा नाही, पाव. केळबागताई, पुस्तक ठेवायचंच असेल तर त्याच बैठकीत गोन्सालो गार्सियांचं चरित्रही वाचा. नाहीतर माझं मत विरोधात धरा.

केळबाग

चरित्र पुढच्या रविवारी, स्वतंत्र बैठकीत. एकत्र ठेवलं तर सगळे चरित्रावरच बोलतील, ते सोपं आहे. तुमचा विरोध नोंदवला.

पश्चिमपट्टा

नोंदवा. येणार तरी आहेच मी.