शिक्षा भोगून सुटलेल्यांची सोय समाजाने का बघायची?

काठावरची:
शिक्षा संपली की माणूस मोकळा झाला, असं आपण धरून चालतो. फाटकाबाहेर येताना त्याच्या हातात असते ती अटकेच्या दिवशी जमा करून घेतलेल्या वस्तूंची पिशवी. तीत मुदत संपलेलं ओळखपत्र आणि बंद पडलेला फोन. सिम कधीच रद्द झालेलं, त्यामुळे स्वतःच्याच खात्यातले पैसे काढायचे तर ओटीपी येत नाही. नवं ओळखपत्र काढायला पत्ता हवा, पत्त्यासाठी खोली हवी आणि खोलीचा मालक आधी ओळखपत्र मागतो.

त्यातही पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका तिथल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाला. मुख्य कारण अमली पदार्थांचा अतिरेक. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो.

माझं म्हणणं एवढंच: कागदपत्रं, औषधोपचार आणि डोक्यावर छप्पर ही व्यवस्था सुटकेच्या आधीच लागलेली असावी. नंतर काही महिने एक ठरावीक माणूस त्याच्या संपर्कात असावा. पैसा सरकारचा, माणसं वस्तीतली. तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टच_बोलतो:
असहमत. ज्याचं घर फोडलं, जिचा नवरा गेला, त्यांच्या दारात कोणता ठरावीक माणूस जातो? गुन्हा न करता भाड्याच्या खोलीसाठी वणवण करणारे कमी आहेत का? त्यांनी काय आधी तुरुंगात जाऊन यायचं? सहानुभूतीचा ओघ नेहमी चुकीच्या दिशेलाच का वाहतो, कळत नाही.

नंदा_ताई:
दादा, पीडितांना मदत मिळत नाही हे खरंच आहे आणि त्याचा संताप यायलाच हवा. पण ह्याला उपाशी ठेवल्याने तिच्या पदरात काय पडणार? उलट हा पुन्हा घसरला तर आणखी एखादं घर फुटेल.

हिशेबी:
भावना बाजूला ठेवू. २००५ मध्ये अमेरिकेच्या तीस राज्यांत जे सुटले, त्यांतले ६८ टक्के तीन वर्षांत पुन्हा पकडले गेले. मदतीने हा आकडा हलतो का, हा खरा प्रश्न. तिथेच चार शहरांत सोडतीने दोन गट पाडून प्रयोग केला होता: एका गटाला सुटल्यावर तात्पुरती पगारी नोकरी, दुसऱ्याला फक्त नोकरी शोधायला मदत. तात्पुरती नोकरी संपली तसा पहिल्या गटाचा फायदाही ओसरला आणि पुन्हा तुरुंगात जाण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. ‘काम द्या, माणूस सुधारेल’ हे ऐकायला छान आहे, पण पैसे ओतण्याआधी पुरावा बघा.

काठावरची:
६८ टक्के हे अटकेचे आहेत, दोषी ठरलेल्यांचे नाहीत. आधी नाव नोंदलेला माणूस संशयावरून लवकर उचलला जातो, तेही त्यात आलं. प्रयोगाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. नुसती नोकरी पुरत नाही, म्हणूनच मी छप्पर, औषध आणि माणूस म्हटलं.

यंत्रशाळा:
माझ्याकडे असा एक जण कामाला होता. हात चांगला, वेळेवर यायचा. पण देखरेख अधिकाऱ्याकडे हजेरी दर आठवड्याला आणि तीही भर कामाच्या वेळेत. अर्धा दिवस गेला की बाकीचे कुरकुरायचे, ‘ह्यालाच सवलत का?’ हा खजील होऊन माझ्यासमोर उभा. शेवटी मी अधिकाऱ्याला फोन केला आणि हजेरी संध्याकाळी करून घेतली. एका फोनचं काम होतं, पण तो फोन त्याला स्वतः करता येत नव्हता, धास्तीच तेवढी. संस्था वगैरे ठीक आहे, मला विचाराल तर असे फोन करणारं कुणीतरी हवं.

नंदा_ताई:
+१. इंग्लंड-वेल्समध्ये शुक्रवारी सुटणाऱ्यांची अशीच पंचाईत व्हायची. दुपारपर्यंत बाहेर पडायचं, तोवर कार्यालयं बंद व्हायला आलेली, पुढे दोन दिवस सुट्टी. २०२३ मध्ये कायदा करून अशांना एक-दोन दिवस आधी सोडायची मुभा दिली. खर्च जवळपास शून्य!

स्पष्टच_बोलतो:
वार बदला, हजेरीची वेळ बदला, कोण नको म्हणतंय? पण ‘माणसं वस्तीतली’ हे मला पटत नाही. लैंगिक गुन्ह्यात आत गेलेला माणूस माझ्या मुलीच्या शाळेच्या वाटेवर राहायला आला तर मी त्याच्याशी गप्पा मारायला जायचं?

काठावरची:
तुम्ही नका जाऊ, सक्ती कुणावरच नाही. पण नेमक्या अशाच माणसासाठी कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये १९९४ साली एक मंडळ उभं राहिलं. शिक्षा पूर्ण भोगून सुटल्यामुळे त्याच्यावर सरकारी देखरेख नव्हती आणि वस्ती भडकलेली. एका पाद्र्याने चार-पाच स्वयंसेवक जमवले. ते त्याला मदत करत आणि तोंडावर जाबही विचारत: काल कुठे होतास, कुणाला भेटलास? ही पद्धत पुढे इतर देशांनीही उचलली. शाळेच्या वाटेवर कोण राहतो ते कुणालाच ठाऊक नसणं तुम्हाला जास्त सुरक्षित वाटतं का?

हिशेबी:
हे पटण्यासारखं आहे, कारण यात लाड नाहीत. पण जबाबदार स्वयंसेवक किती मिळणार? दोन महिन्यांत उत्साह संपला की तो माणूस पुन्हा एकटाच. निम्मे पैसे स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणावर आणि त्यांना टिकवण्यावर घालणार असाल तर माझा विरोध मागे.

स्पष्टच_बोलतो:
माझा नाही. कागदपत्रं आणि औषधं इथपर्यंत मान्य. खोलीसाठी मात्र त्याने रांगेतच उभं राहावं.

काठावरची:
रांगेत पुढे घ्या असं मी कुठे म्हटलं? सध्या अर्जावर पत्ता नाही म्हणून त्याला रांगेतच घेत नाहीत.

स्पष्टच_बोलतो:
मग अर्ज बदला. त्याला माझी हरकत नाही.