‘प्रिक’ला पराणी म्हणावं की टोचणी?

भाषांतरवाली: १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलवर आधारलेलं एक प्रवचन मराठीत आणतेय. प्रेषितांची कृत्ये, २६:१४. ‘प्रिक्स’वर लाथा मारणं तुला जड जाईल, असं पौलाला ऐकू येतं. मी ‘पराणी’ लिहिलं, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी. संपादक म्हणतात, आता कुणाला कळत नाही, ‘टोचणी’ करा. पण टोचणी म्हटलं की मनाची टोचणीच डोळ्यापुढे येते. काय करू?

बागायतदार: पराणीच ठेवा. आमच्या आजोबांच्या पराणीची आर, म्हणजे पुढचं लोखंडी टोक, ज्वारीच्या दाण्याएवढी बाहेर असायची, जास्त वाढली की ते स्वतः कानस घेऊन बसत. बैलानं मागं लाथ झाडली की ती त्याच्याच पायात रुतायची. त्या ओळीत हेच तर आहे! टोचणीवर कोण लाथ मारणार?

वर्धेकर: आमच्याकडे पराणीला तुतारी म्हणतात. पुण्याच्या वसतिगृहात ‘तुतारी टोचली’ म्हणालो तर एकानं ठासून सांगितलं की तुतारी फुंकतात. अजून पटलेलं नाही.

संस्कृतप्रेमी: अमरकोशात याच काठीची नावं प्राजन, तोदन, तोत्र ओळीनं येतात. प्राजनवरून पराणी. तुतारीही ‘तुद्’ (टोचणे) या धातूची लेक असावी, असं माझं मत. प्रमाण मराठीत ‘प्रतोद’ लिहावं.

बागायतदार: प्रतोद म्हणजे विधानसभेतला पक्षप्रतोद! बैलामागं तो कशाला?

इंग्रजी शिकवणारा: जुन्या इंग्रजीत ‘प्रिका’ म्हणजे टोचल्याची खूण, ठिपका. पुढे टोचणारी वस्तूही झाली. आज तो शब्द शिवी म्हणूनच जास्त कानावर येतो. १८८१ च्या सुधारित नव्या करारात तिथे ‘गोऽड’, म्हणजे पराणीच, आहे. गॅडफ्लाय, म्हणजे गोमाशी, त्यातूनच आली.

संस्कृतप्रेमी: नाही. गॅडफ्लायमधला ‘गॅड’ नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतल्या, ‘गद्दर’वरून, गोऽड जुन्या इंग्रजी ‘गाद’वरून. दिसायला बहिणी, घराणी वेगळी. खरी गंमत ग्रीकमध्ये आहे. मूळ वचनात ‘केंत्रोन’ आहे, तेच कंपासचं रुतवायचं टोक झालं आणि ज्योतिषातून आपल्याकडे ‘केंद्र’ म्हणून आलं.

वर्धेकर: केंद्र ग्रीक? मग रोज शुद्ध मराठी म्हणून काय काय वापरतो आपण!

संस्कृतप्रेमी: संस्कृतनं पचवला की तो संस्कृतच.

वर्धेकर: मग मराठीनं पचवलेली तुतारी का नको?

भाषांतरवाली: उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. तळटीप देऊन पराणी चालेल?

बागायतदार: तुतारीलाही पुढं आरच असते का हो, की नुसतं तासलेलं टोक?