‘बुडाली’, ‘दिवाळे निघाले’ की ‘अवसायनात गेली’?

प्रश्न :
विक्रोळीतील आमच्या सहकारी बँकेच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर एक मराठी सूचना चिकटवली आहे. तीत ‘निर्देश’, ‘तरलता’ (म्हणजे हाताशी असलेली रोकड) आणि ‘अनुत्पादक मालमत्ता’ हे शब्द आहेत. रांगेतली माणसे मात्र ‘बँक बुडाली’ एवढेच म्हणत होती आणि एका आजींनी पासबुक पिशवीत ठेवता ठेवता मला विचारले, ‘बुडाली म्हणजे दिवाळंच निघालं ना हो?’ मला उत्तर देता आले नाही. या शब्दांत नेमका फरक कोणता?

प्रतिसाद :
आजींना ‘अजून नाही’ असे सांगता आले असते. बँकिंग विनियमन कायदा, १९४९ च्या कलम ३५ अ खाली रिझर्व्ह बँक निर्देश देते तेव्हा पैसे काढण्यावर मर्यादा येते, नवी कर्जे थांबतात. पण परवाना रद्द झालेला नसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला खात्यामागे केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती, तरीही कायद्याच्या दृष्टीने ती बँक जिवंत होती आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. या अवस्थेला ‘बँकेवर निर्बंध आले’ हा रोजच्या बोलण्यातला प्रयोगच अचूक आहे. परवाना रद्द होऊन सहकार निबंधकांनी अवसायक, म्हणजे बँकेचा कारभार गुंडाळून तिची देणी भागवणारा अधिकारी, नेमला, म्हणजे मग ‘अवसायन’. (संस्कृतात ‘अवसान’ म्हणजे शेवट आणि मराठीत धीर; त्यामुळे अवसायक आला की ठेवीदाराचे अवसान गळते, हे दोन्ही भाषांत खरे ठरते.)

‘दिवाळे’ हा शब्द बँकेला कायद्याने लागू होतच नाही, कारण २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता कंपन्यांना लागू असली तरी बँका तिच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. शब्द म्हणून मात्र तो फार रंजक आहे. देणी भागेनाशी झाली की व्यापारी पेढीवर दिवा पेटवून ठेवी आणि हिशेब मिटेपर्यंत स्वतः दूर राही, अशी व्युत्पत्ती ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात दिली आहे. ती वादग्रस्त असल्याचेही तेथेच म्हटले आहे. ती खरी मानली तर ‘दिवाळे काढणे’ म्हणजे आपली अवस्था आपणच उघड करणे. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी वित्तसंस्थेने १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात स्वतःहून अर्ज केला, तेव्हा या अर्थाने तिने दिवाळे काढले. आज आपण ‘पोराने बापाचे दिवाळे काढले’ असे म्हणतो, म्हणजे अर्थ पुरता उलटला आहे.

‘दिवाळखोर’ मधला ‘खोर’ मला खटकतो. भांडखोर, चुगलखोर, लाचखोर या ओळीत तो शब्द जाऊन बसतो आणि परिस्थितीने पिचलेल्या माणसालाही खोड असल्याचा डाग लावतो. त्यापेक्षा ‘नादार’ सभ्य आहे. फारसीत त्याचा अर्थ ‘ज्याच्याजवळ नाही तो’ एवढाच आहे. परळच्या शाळेत माझ्या वडिलांना ‘नादारी’ मिळाली होती, म्हणजे फी माफ झाली होती. त्यात कोणाला दोष नव्हता.

दुसरा प्रतिसाद :
शास्त्रार्थ मान्य, पण रांगेतल्या ‘बुडाली’ कडे असे दुर्लक्ष करू नये. ‘अनुत्पादक मालमत्ता’ हा काय शब्द झाला? सामान्य माणसाला वाटते की बँकेची एखादी इमारत रिकामी पडली आहे.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर :
ही तक्रार रास्त आहे. बँकेने दिलेले कर्ज ही तिची मालमत्ता आणि आपली ठेव हे तिचे देणे, हे उलटे गणित त्या शब्दात दडलेले आहे. कर्जाचे व्याज किंवा हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की ते खाते अनुत्पादक ठरते. त्याआधी ती नुसती थकबाकी. २००८ च्या जागतिक अरिष्टाच्या आगेमागे पायाभूत प्रकल्पांना सढळ हाताने दिलेली अनेक कर्जे नंतर पुनर्रचनेच्या नावाखाली झाकली गेली. रिझर्व्ह बँकेने २०१५ पासून ती उघडी करायला लावली आणि मार्च २०१८ मध्ये व्यापारी बँकांच्या कर्जांत अनुत्पादक कर्जांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेले. त्या काळात ‘एनपीए’ हा ‘अनुत्पादक मालमत्ते’साठीचा इंग्रजी शब्द लोकलच्या डब्यातही ऐकू येऊ लागला. आपल्या खतावणीत ‘येणे’ हा सुटसुटीत शब्द असताना ‘थकीत येणे’, ‘बुडीत येणे’ असे म्हणायला काय हरकत होती?

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. बुडणे आणि बुडवणे, थकणे आणि थकवणे ही मराठीची जोडी कर्ता कोण ते विचारते. ‘कर्ज थकले’ मध्ये पाऊस पडला नसेल, गिरणी बंद पडली असेल. ‘कर्ज थकवले’ म्हटले की बोट कोणाकडे तरी वळते. सरकारी परिभाषेत ही क्रियापदेच नाहीत, सगळी नामे आहेत. ‘निर्लेखन’ चे तसेच. बँक आपल्या ताळेबंदातून कर्ज काढून टाकते, पण कर्जदाराकडची वसुली चालू राहू शकते. तरीही बातमीत त्याचे ‘कर्जमाफी’ होते. माफी म्हणजे देणेच संपणे. शेतकऱ्याला मिळते ती माफी आणि उद्योगपतीच्या खात्याचे होते ते निर्लेखन, यांना एकच शब्द वापरला की वादाला धरबंध राहत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर :
काल आजी पुन्हा रांगेत भेटल्या. बँकेवर निर्बंध आहेत, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे आणि ठेव विमा कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ती रक्कम अशा निर्बंधांनंतर साधारण ९० दिवसांत मिळायला हवी, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘म्हणजे बुडाले नाहीत, अडकलेत.’ या चर्चेत ‘अडकणे’ कोणालाच कसे सुचले नाही?